वार तिजोरीत ठेवायची वस्तू नाही

सातवा महिना लागला की शहरातल्या बऱ्याच खासगी प्रसूतिगृहांत सोनोग्राफीच्या कागदांसोबत एक गुळगुळीत रंगीत पत्रक हातात पडतं. वर हसरं बाळ, खाली मजकूर: नाळेतलं रक्त, नाळेचा तुकडा, वार (म्हणजे प्लॅसेंटा), सगळं आमच्याकडे गोठवून ठेवा, पुढे बाळाला कधी काही झालंच तर त्याचं औषध त्याच्याच नावावर तयार असेल. रक्कम दहा-वीस हजारांपासून लाखाच्या घरात, आणि हप्त्यांची सोय. डोहाळजेवणाच्या आसपासचे दिवस 'नाही' म्हणायचे नसतात. आयुष्यभर विमा एजंटाला दारातूनच परत पाठवणारे आजोबासुद्धा इथे 'करून टाका रे' म्हणतात.

याच शहरातल्या सरकारी रुग्णालयात दुसरी बाई बाळंत होते. तिची वार पडते, सिस्टर ती पूर्ण आली की नाही हे तपासते आणि पिवळ्या पिशवीत टाकते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार मानवी ऊती पिवळ्या पिशवीत जातात आणि तिथून भट्टीत किंवा खोल खड्ड्यात. पूर्ण दिवसांच्या बाळंतपणातली वार साधारण अर्धा किलोची. देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात, म्हणजे दहा हजार टनांहून अधिक ताजी मानवी ऊती आपण दरवर्षी जाळतो किंवा पुरतो. एका टोकाला कचरा आणि दुसऱ्या टोकाला वातानुकूलित तिजोरी. मधली वाट, म्हणजे आईने समजून-उमजून केलेलं दान आणि त्यातून उभं राहणारं सार्वजनिक वैद्यक, आपल्याकडे जवळजवळ रिकामी पडली आहे. माझ्या मते वारेवरच्या संशोधनाचं जे काही खरं भवितव्य आहे ते याच वाटेवर आहे, आणि तिजोरीवाल्यांचा बाजार त्या वाटेत आडवा येतो.

आधी वारेत असतं काय ते पाहू. ही गर्भाच्या आणि आईच्या पेशींनी मिळून बनवलेली, नऊ महिने पुरणारी आणि मग टाकून द्यायची एकमेव इंद्रियव्यवस्था. आईच्या गर्भाशयाकडचा थर आईचा, बाकी बहुतांश भाग बाळाचा. बाळाच्या बाजूला जो पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो, ज्याची पाणमोट बनते, त्याला अम्नियन म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या खालचा कोरियन नावाचा थर, त्यातले झाडासारखे फाटे फुटलेले अंकुर, मधोमध नाळ. या प्रत्येक भागातून वेगवेगळ्या जातीच्या पेशी मिळतात. त्यांतल्या काही मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या जातींच्या पेशी बनू शकतात आणि ज्यांना स्टेम सेल म्हणतात त्या, आणि काही मूलपेशींसारखी थोडीफार लक्षणं दाखवणाऱ्या. पत्रकात हे सगळं एकाच शब्दाखाली येतं. प्रयोगशाळेत तसं चालत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात (एनसीसीएस) वैजयंती काळे आणि ललिता लिमये यांच्या गटाने २०१५ साली दाखवलं की नाळेतल्या रक्तपेशी वाढवण्यासाठी आधार म्हणून वापरल्या तर वारेतून आलेल्या आणि नाळेतून आलेल्या मेसेनकायमल पेशी (हाड, कूर्चा अशा ऊती बनवू शकणाऱ्या पेशी) सारखं काम करत नाहीत. हाताच्या अंतरावरच्या दोन जागांतून काढलेल्या पेशी इतक्या निराळ्या वागतात, मग 'सगळं गोठवा, काहीतरी उपयोगी पडेल' हा सल्ला विज्ञानातून आलेला नाही हे उघड आहे.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जी पत्रकात कधीच नसते ती सांगतो. वारेचा वैद्यकातला वापर स्टेम सेल हा शब्द घरोघरी पोचायच्या कितीतरी आधीचा आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे. डब्ल्यू. डेव्हिस यांनी १९१० साली त्वचारोपणासाठी गर्भावरणाचे पापुद्रे वापरल्याची नोंद केली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच भाजलेल्या जखमांवर ते लावल्याचे अहवाल आले. १९४० साली डोळ्यासाठीही प्रयोग झाला. पापुद्रा जखमेवर चिकटतो, वेदना कमी करतो, पाणी उडू देत नाही, दाह थोपवतो, आणि खालची नवी कातडी वाढायला सपाट गादी मिळते. शरीर त्याला सहसा परकं मानून झिडकारत नाही. पुढे संसर्गाच्या भीतीने हे मागे पडलं, कारण ताजा पापुद्रा एका बाईकडून दुसऱ्या रुग्णाकडे नेताना काय काय बरोबर जाईल याचा नेम नव्हता. १९८० च्या दशकात एचआयव्ही आल्यावर तर ही भीती अगदी रास्त ठरली.

यावरचं उत्तर मुंबईत शोधलं गेलं, आणि हे आपल्याला फारसं ठाऊक नसावं याचं मला वाईट वाटतं. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या कार्यक्रमाच्या आधाराने ऊतीपेढी सुरू झाली. डॉ. ॲस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी ती उभी केली. पद्धत साधी आणि कडक. दात्या आईच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी व सी आणि सिफिलिससाठी तपासणी करायची, पापुद्रा वेगळा करून धुवायचा, गोठवून कोरडा करायचा, पाकिटात सीलबंद करायचा आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचा. किरणांची सोय अणुऊर्जा खात्याकडे होतीच. ट्रॉम्बेचा आयसोमेड प्रकल्प १९७४ साली वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करण्यासाठीच सुरू झाला. असं पाकीट साध्या कपाटात राहतं. त्याला द्रवरूप नायट्रोजनची टाकी लागत नाही, महिन्याचा हप्ता लागत नाही. जिल्हा रुग्णालयातला सर्जन ते उघडून, मिठाच्या पाण्यात भिजवून जखमेवर पसरू शकतो. वारेपासून रुग्णाच्या हाती आज पोचू शकणारी सर्वांत खात्रीची वस्तू हीच, आणि तिच्यात एकही जिवंत पेशी नसते.

जिवंत पेशींची गोष्टही भारतातच एका ठिकाणी फार सुंदर रीतीने पुढे गेली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डोळ्यात रसायन गेलेले रुग्ण मोठ्या संख्येने येतात. आपल्याकडे या अपघातांचं एक ओळखीचं कारण म्हणजे तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी. पोरं ती दाबतात, ती फुटते, चुना थेट डोळ्यात जातो. चुना बुबुळाच्या कडेला असणाऱ्या मूलपेशी जाळून टाकतो. त्या गेल्या की बुबुळावरचा पारदर्शक थर भरून निघत नाही, त्यावर रक्तवाहिन्या चढतात आणि नजर जाते. आधीची पद्धत अशी होती की चांगल्या डोळ्यातून थोड्या पेशी घ्यायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि मग बसवायच्या. त्यासाठी स्वच्छ कक्ष, तंत्रज्ञ आणि पैसा लागतो. डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत प्रयोगशाळाच काढून टाकली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन-दोन मिलिमीटरचा तुकडा घेतात, त्याचे बारीक कण करतात आणि ते कण बुबुळावर पसरलेल्या अम्नियनच्या पापुद्र्यावर मांडतात. पेशी त्या पापुद्र्यावरच वाढतात. २०१६ साली अशा १२५ रुग्णांचा दीर्घकालीन अहवाल आला, त्यात ७६ टक्के डोळ्यांत बुबुळाचा पृष्ठभाग टिकून राहिला होता. यातल्या मूलपेशी रुग्णाच्या स्वतःच्या, आणि त्यांना जागा देणारी वार कुण्या अनोळखी आईची. पुनर्जनन वैद्यक, म्हणजे खराब झालेली ऊती पुन्हा उभी करणारं वैद्यक, भारतात कसं दिसू शकतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. स्वस्त, कुठल्याही चांगल्या नेत्ररुग्णालयात शिकता येणारं, आणि आईच्या दानावर उभं.

पण यावरून कुणी म्हणेल की मग वारेतल्या मूलपेशींना तुमचा विरोधच आहे. तसं मुळीच नाही. २००५ साली पिट्सबर्गमध्ये तोशिओ मिकी आणि स्टीफन स्ट्रॉम यांच्या गटाने अम्नियनच्या पेशींमध्ये मूलपेशींची लक्षणं असल्याचं दाखवलं, तेव्हा जगभर उत्साह पसरला. भ्रूणापासून मूलपेशी काढण्यावरून तेव्हा अमेरिकेत जोरदार वाद चालू होता, आणि इथे तर कुणाच्याही जिवाला धक्का न लावता, टाकून दिल्या जाणाऱ्या वस्तूतून तशाच पेशी मिळायची शक्यता होती. २००७ साली इटलीतल्या ब्रेशिया शहरात ओर्नेला पारोलिनी यांच्या पुढाकाराने शास्त्रज्ञ जमले आणि वारेच्या कुठल्या भागातल्या कुठल्या पेशीला काय म्हणायचं, तिची ओळख कशी पटवायची, हे ठरवलं. कंटाळवाणं काम, पण याच कामामुळे पुढचे प्रयोग एकमेकांशी ताडून पाहता आले.

या पेशी शरीरात गेल्यावर नेमकं काय करतात, याबद्दलची समजूत मात्र गेल्या वीस वर्षांत पुरती बदलली. आधी वाटायचं की मेसेनकायमल पेशी टोचल्या की त्या जाऊन हाड होतील, कूर्चा होतील, हृदयाचा स्नायू होतील. प्रत्यक्षात टोचलेल्या बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. जातानाही त्या प्रथिनं आणि सूक्ष्म पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, सोडून आजूबाजूच्या पेशींना, रोगप्रतिकार यंत्रणेला इशारे देतात. थोडक्यात या पेशी गवंडी नाहीत, मुकादम आहेत. विटा त्या स्वतः लावत नाहीत. या पेशींना १९९१ मध्ये प्रसिद्धी मिळवून देणारे आर्नल्ड कॅप्लन यांनीच २०१७ साली जाहीर लिहिलं की यांना मूलपेशी म्हणणं रुग्णांची दिशाभूल करतं. पत्रकं अजून १९९१ मध्येच आहेत.

मुकादमाचं काम कमी मोलाचं नसतं, पण त्याचा उपयोग सगळीकडे नसतो आणि ते कधी कधी फसतं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातला प्रयोग मला यासाठी आदर्श वाटतो. फार लवकर जन्मलेल्या, फुप्फुसं खराब झालेल्या सहा बाळांना तिथे दान मिळालेल्या वारेतल्या अम्नियन पेशी दिल्या गेल्या. २०१८ साली निष्कर्ष छापले. त्यात त्यांनी स्वच्छ लिहिलं की पहिल्याच बाळाचा श्वास आणि रक्ताभिसरण पेशी देताना बिघडलं, बहुधा पेशींच्या गुठळीमुळे. बाळ सावरलं, मग पद्धत बदलली, गाळणी लावली, वेग कमी केला, आणि बाकीच्या पाच बाळांनी उपचार सोसला. सहा बाळांवरून कुणी 'फुप्फुसं बरी झाली' असा डांगोरा पिटला नाही, कारण तो प्रयोग सुरक्षिततेचाच होता.

दुसरं उदाहरण अपयशाचं. इस्रायलच्या हैफामधल्या प्लुरिस्टेम कंपनीने वारेतल्या पेशींचं औषध बनवलं. पायाचा रक्तपुरवठा तुटून पाय कापायची वेळ आलेल्या रुग्णांवर तिसऱ्या टप्प्यातली मोठी चाचणी केली. २०२० च्या डिसेंबरमध्ये मधल्या विश्लेषणात फायदा दिसेना, चाचणी थांबवली. २०२२ मध्ये मांडीचं हाड मोडलेल्या वृद्धांवरच्या चाचणीतही मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. वर्षानुवर्षं काम करणाऱ्या, पेशींची तुकडी न् तुकडी तपासणाऱ्या कंपनीला जे जमलं नाही, ते गल्लीतल्या क्लिनिकला एका इंजेक्शनात जमतं यावर आपण विश्वास ठेवतो, हे कसं? उलट बाजूही सांगायला हवी. दात्याच्या रक्तपेशींनी रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा जो गंभीर विकार असतो, त्यावर अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये अस्थिमज्जेतल्या मेसेनकायमल पेशींचं औषध मंजूर केलं आणि चीनने लगेच पुढच्या महिन्यात नाळेतल्या पेशींचं. म्हणजे या पेशींना वैद्यकात जागा आहे. ती अरुंद आहे, आणि रोगागणिक वेगळी चाचणी करूनच सापडते.

'नवजात, शुद्ध, अस्पर्श पेशी' या दाव्याबद्दलही एक तळटीपेसारखी गोष्ट. केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली वारेचे तुकडे जनुकीय पातळीवर तपासले, तेव्हा एकाच वारेतले वेगवेगळे भाग जनुकीयदृष्ट्या एकमेकांपासून निराळे निघाले, आणि काहींतले बदल तर एरवी गाठींमध्ये दिसणाऱ्या बदलांच्या धर्तीचे होते. वारेला हे चालतं, तिला नऊ महिनेच जगायचं असतं. पण तिच्यातून पेशी काढून दुसऱ्याच्या शरीरात घालायच्या तर कुठल्या भागातल्या, किती तपासून, हे विचारावंच लागेल.

आता तिजोरीकडे येतो. नाळेच्या रक्ताचं विज्ञान खरं आहे. १९८८ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया हा अस्थिमज्जेचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं आणि तो वाचला. पण लक्षात घ्या, रक्त बहिणीचं होतं. त्याचं स्वतःचं गोठवलेलं रक्त असतं तर त्यात तोच दोष असता. थॅलेसेमियाच्या बाळाचंही तेच. ज्या आजारांची भीती दाखवून पत्रक सही मागतं, त्यांतल्या बऱ्याच आजारांत बाळाचं स्वतःचं रक्त निरुपयोगी असतं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ साली सांगितलं की साठवलेलं रक्त पुढच्या वीस वर्षांत स्वतःसाठी लागण्याची शक्यता ०.०४ टक्क्यांपासून ०.०००५ टक्क्यांपर्यंत आहे, म्हणजे अडीच हजारात एक ते दोन लाखात एक. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतःसाठी साठवण्याला शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलं आणि नाळेच्या रक्ताव्यतिरिक्त काहीही, म्हणजे नाळेची ऊती, वार, दात, मासिक पाळीचं रक्त, व्यापारी तत्त्वावर साठवायला परवानगी नसल्याचं स्पष्ट केलं. तरीही 'वार जपून ठेवा' हे वाक्य ऐकू येतंच. हा नुसता अज्ञानाचा प्रश्न असता तर सात-आठ वर्षांत सुटला असता.

अपवाद आहे, तो मान्य करायला हवा. घरात आधीच एखादं थॅलेसेमियाचं किंवा रक्ताच्या कर्करोगाचं मूल असेल आणि दुसरं बाळ येणार असेल, तर त्या बाळाच्या नाळेचं रक्त भावंडासाठी राखणं शहाणपणाचं आहे. ते डॉक्टरांनी सुचवावं. सरसकट प्रत्येक गरोदर बाईच्या हातात पत्रक देण्याचं ते समर्थन होऊ शकत नाही.

तिजोरीचा भरवसा किती, तेही दिसलं. सिंगापूरमध्ये २०२३ च्या शेवटी कॉर्डलाइफ या नाळेचं रक्त साठवणाऱ्या कंपनीच्या सात टाक्यांचं तापमान बिघडल्याचं तिथल्या आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं. त्यांतल्या एका टाकीतलेच सुमारे २,२०० नमुने वाया गेले. आईबापांना कळलं तेव्हा वर्षं उलटून गेली होती. सिंगापूरसारख्या काटेकोर देशात तपासणी करणारं मंत्रालय होतं म्हणून कळलं तरी. आपल्याकडे टाकीत काय चाललंय हे पाहायची वेळ ज्या दिवशी रक्त लागेल त्याच दिवशी येते, आणि तो दिवस बहुतेकांच्या बाबतीत कधीच उजाडत नाही. धंदा म्हणून याहून सुरक्षित धंदा शोधून सापडायचा नाही.

याहून मला जास्त खुपतं ते वेगळंच. बाळ जन्मल्यावर नाळ लगेच न चिमटता एक ते तीन मिनिटं थांबा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या मिनिटांत वारेतलं ऐंशी-शंभर मिलिलिटर रक्त बाळाकडे जातं आणि पुढचे सहा महिने त्याचं लोह टिकून राहतं. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आहे, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने नोंदवलं. जितकं रक्त बाळाकडे गेलं तितकं पिशवीत कमी येतं. कंपन्या म्हणतात आम्ही थांबतो. पण पिशवीत पुरेसं रक्त यावं ही गरज आणि बाळाला पुरेसं मिळावं ही गरज एकाच नळीवर हक्क सांगतात. बाळाचं रक्त बाळातच साठवायला पैसे लागत नाहीत, म्हणून त्याची जाहिरात कुणी करत नाही.

क्लिनिकांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर चर्चा करण्यासारखं फारसं काही नाही. आयसीएमआरनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं मूलपेशी प्रत्यारोपण सोडून बाकी सगळं संशोधन आहे. ते नोंदणीकृत चाचणीतच व्हावं आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ मध्ये सांगितलं. तरी मोठ्या शहरांतली क्लिनिकं स्वमग्न मुलांच्या आईबापांकडून लाखो रुपये घेत राहिली. अमेरिकेत २०१८ साली नाळेच्या रक्तापासून केलेली इंजेक्शनं सांध्यांत आणि पाठीत घेतलेल्या बारा जणांना जंतुसंसर्गाने रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. आपल्याकडे अशा गोष्टी मोजल्या जात नाहीत, एवढाच फरक.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. लोक म्हणतात, सरकारने रक्तपेढ्या नीट चालवल्या तरी पुष्कळ, वार कुठून गोळा करणार? शिवाय सार्वजनिक नाळ-रक्तपेढ्याही जगभर अडचणीत आहेत. हे खरं आहे. अर्ध्या जुळणाऱ्या आईबापांची अस्थिमज्जा वापरायची पद्धत आता इतकी सुधारली आहे की नाळेच्या रक्ताची मागणी घटली. म्हणून मी सरकारने मोठमोठ्या नाळ-रक्तपेढ्या काढाव्यात असं म्हणत नाही. तो पैसा बुडेल. मी पाणमोटेच्या पापुद्र्याबद्दल बोलतो आहे, ज्याचं विज्ञान शंभर वर्षं जुनं आहे, ज्याला फ्रीझरची गरज नाही आणि ज्याची गरज रोज आहे. भाजलेल्या रुग्णांचा भार या देशात प्रचंड आहे. सायनच्या रुग्णालयात २००० पासून आणि ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स सेंटरमध्ये २००९ पासून त्वचापेढी आहे. त्वचा मृत्यूनंतर मिळते, आणि मिळवताना शोक करणाऱ्या कुटुंबाशी बोलावं लागतं. पापुद्रा जन्माच्या वेळी मिळतो, आईचं काही जात नाही, आणि तरी आपण तो जाळतो.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. दान करा म्हणाल, आणि त्या दानावर कंपनी नफा कमावेल. तसं घडलेलं आहे. १९९१ साली अमेरिकेत गॉशे या दुर्मीळ आजारावरचं एन्झाइमचं औषध मंजूर झालं, ते वारेतून काढलेलं होतं. एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाला हजारो बाळंतपणांतली वार लागे. कच्चा माल फ्रान्सच्या मेरियो संस्थेकडून येई, जी अनेक देशांतल्या प्रसूतिगृहांतून वार गोळा करायची. ते औषध तेव्हाच्या जगातल्या सर्वांत महागड्या औषधांपैकी एक ठरलं. १९९४ मध्ये प्रयोगशाळेत बनवलेलं एन्झाइम आलं आणि वारेची गरज संपली. ज्या बायांच्या कुशीतून तो माल निघाला त्यांतल्या कितींना हे ठाऊक होतं? आपल्याकडेही वारेच्या अर्काची मलमं आणि इंजेक्शनं वर्षानुवर्षं विकली जात होती. केंद्राने पुढे त्यांचा वापर जखमेवर लावण्यापुरता आणि ओटीपोटाच्या दाहावरच्या इंजेक्शनापुरता मर्यादित केला. वार बाजारात आधीपासूनच आहे. तेव्हा 'दान केलं तर बाजार होईल' ही भीती उशिराची आहे. बाजार कुणाच्या अटींवर चालेल हे ठरवायचं बाकी आहे.

त्या अटी कायद्यात बसवायला फार मोठा खटाटोप लागणार नाही. अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतीही आल्या आणि ऊतीपेढ्यांना नोंदणी बंधनकारक झाली. केईएममध्ये पश्चिम विभागाची अवयव आणि ऊती प्रत्यारोपण संस्था आहे. राज्याने मुंबई, पुणे आणि नागपूर इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून सुरुवात करावी, आणि तीही फक्त आधी ठरवलेल्या सिझेरियनपुरती, कारण तिथे पापुद्रा निर्जंतुक हाती येतो आणि आईशी आधी बोलायला वेळ असतो. टाटाच्या पेढीचा अनुभव हाताशी आहे, आयसोमेड हाताशी आहे. मिळालेल्या वारेचा काही भाग संशोधनाला द्यावा, एनसीसीएससारख्या संस्थांना, या अटीवर की चाचणी नोंदवलेली असेल आणि फसली तरी निकाल छापला जाईल. आणि खासगी प्रसूतिगृहात पत्रक देणाऱ्या डॉक्टरांनी त्या कंपनीकडून आपल्याला काही मिळतं का, हे त्याच पत्रकावर लिहावं. एका ओळीने बरीच पत्रकं आपोआप नाहीशी होतील.

संमती मात्र कळा सुरू झाल्यावर घ्यायची नाही. सुटलेल्या पाण्यात आणि घाईत पुढे केलेल्या कागदावरची सही म्हणजे संमती नव्हे. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीला, बाईच्या बोलीत, नवऱ्याच्या किंवा सासूच्या नव्हे तर तिच्याच सहीने. काही घरांत वार आजही हळद-कुंकू वाहून अंगणात पुरतात; मेळघाट-नंदुरबारपासून कोकणापर्यंत त्याच्या निरनिराळ्या रीती आहेत. त्यांना ती घरी नेऊ द्यावी, आणि नेताना काय काळजी घ्यायची ते सांगावं. अर्जावर त्याचाही एक रकाना असावा. बाकीचे रकाने असे: पापुद्रा रुग्णांसाठी देते, संशोधनासाठीही देते, काहीच देत नाही. आणि शेवटचं कलम ठळक अक्षरांत: या दानातून बनलेली वस्तू सरकारी रुग्णालयातल्या रुग्णाला खर्चापुरत्या किमतीतच मिळेल, आणि ती कुणी खासगी कंपनी बनवणार असेल तर तिच्याशी झालेला करार कुणालाही वाचायला खुला असेल. हे शेवटचं कलम लिहून घेताना मंत्रालयात सगळ्यात जास्त ओढाताण होईल, असा माझा अंदाज आहे.